हद्दीबाहेरचं पाणी

"भरतीच्या वेळी ती जागा आमच्याकडे येतच नाही, मॅडम," जलनिचरा मंडळाचे वकील अल्पेश म्हणाले, आणि नेत्राचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं.

वाक्यात तसं काही नव्हतं. सकाळपासून दोन्ही बाजूंचे वकील असलीच वाक्यं बोलत होते आणि ती टिपून घेत होती. वेसाव्याच्या मागच्या अंगाला धाकटी खाडी म्हणून पाण्याचा एक फाटा आहे. त्याच्या तोंडाशी भिंत घातली आहे, भिंतीत लोखंडी दरवाजा आहे, आणि तो दरवाजा दोन पावसाळ्यांपासून बंद आहे. आतलं पाणी सडलं, आत राहिलेल्या होड्या चिखलात रुतल्या, पावसाचं पाणी बाहेर जाईना म्हणून कोळीवाड्यातल्या घरांत शिरायला लागलं. दरवाजा उघडा, एवढंच वादींचं म्हणणं. पण ती जागा खाडी सुधार प्राधिकरणाच्या नकाशात होती आणि जलनिचरा मंडळाच्या नकाशातही होती. दोन कायदे, दोन नकाशे, आणि त्या एका पट्ट्यावर दोन्ही नकाशे एकमेकांवर चढलेले. प्राधिकरणाचा लवाद म्हणाला, ओहोटीला तो नाला असतो, मंडळाच्या लवादाकडे जा. मंडळाचा लवाद म्हणाला, भरतीला ती खाडी असते, तिकडे जा. म्हणून कोळीवाड्यातल्या बायका उपनगरातल्या या दिवाणी न्यायालयात आल्या होत्या, नेत्रासमोर, आणि इथे प्राधिकरणाचे आणि मंडळाचे वकील पहिल्यांदाच एकमताने सांगत होते, की दिवाणी न्यायालयाला तर अधिकारच नाही. हे सगळं ती शांतपणे ऐकत होती. पंधरा-सोळा वर्षं न्यायाधीश म्हणून बसल्यावर माणूस ऐकतानाही थोडा दूर राहायला शिकतो. पण भरती हा शब्द आला आणि तिच्या ओठांवर मीठ आलं. खरोखरचं मीठ, खरखरीत. वरचा पंखा, साक्षीदारांचा लाकडी कठडा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं जागच्या जागी होतं आणि ती मुलुंडच्या मिठागराच्या बांधावर उभी होती, चौथीतली, शाळेच्या फ्रॉकात. पाण्यात बाबांचा खाकी शर्ट हवा भरून फुगला होता. एका काठाला एक हवालदार, दुसऱ्या काठाला दुसरा. मधलं पाणी दोन शहरांची शीव. अलीकडच्याच्या हातात बांबू होता. तो पलीकडच्याला ओरडून सांगत होता, भरती आहे, जरा थांबा, पाणी फिरलं की तुमच्याकडे येईल.

"मॅडम?" अल्पेश म्हणाले.

"बोला. मी ऐकतेय."

ते पुन्हा बोलू लागले. हुशार माणूस, तयारी करून येणारा. ते खोटं काहीच बोलत नव्हते, हेच तिला अवघड जात होतं. त्या हवालदारांनीही खोटं सांगितलं नव्हतं. हद्द तिथूनच जात होती. बाबा म्हणजे धोंडू घाडी, गिरणी बंद पडल्यावर मिठागरावर राखणदार झालेला माणूस, पहाटे बांध बघायला गेला, पाय घसरून पडला आणि नेमका हद्दीवर मेला. यात कोणाचा दोष होता? लहानपणी तिला वाटायचं, बाबा थोडे अलीकडे पडले असते तर. मग कायदा शिकताना वाटायला लागलं, हद्द थोडी पलीकडे असती तर. आणि आता या खुर्चीत ती दोन्ही काठांच्या मधे बसली होती, तिच्या हातात बांबू होता, आणि सगळे तिला सांगत होते, मॅडम, तुम्ही फक्त थोडं ढकला.

वादींची वकील श्रुतिका उभी राहणार तेवढ्यात मागच्या बाकावरून एक म्हातारी उठली. पहिली वादी, सोनूबाई. अंग वाळलेलं, आवाज मात्र बाजारात टोपली लावून बसणाऱ्या बाईचा. "मी मधी बोलू का, मॅडम?" ती म्हणाली. श्रुतिका तिला बसवायला वळली. नेत्राने हाताने थांबवलं. "तिथं गेलो, तं ते बोलले हितं जा. हितं आलो, तं हे बोलतान तिथं जा. आता तुमच्याकडं आलो, तं दोघं बोलतान हितं येवाचाच नाय. मी एक इचारतंय. ती जागा कोनाचीच नाय, तं मंग आमाला अडवतंय कोन?" शिपाई शू म्हणाला. अल्पेश जरासे हसले, वाईट हेतूने नव्हे. नेत्राने टिपणात लिहून घेतलं. वादीचा प्रश्न, एवढंच लिहिलं, प्रश्न लिहिला नाही. तो लिहायची गरज नव्हती. "अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निर्णय सोमवारी," ती म्हणाली आणि उठली.

जेवायच्या सुट्टीत शेजारच्या न्यायालयातले चंद्रप्रकाश आपला डबा घेऊन तिच्या चेंबरमध्ये आले. निवृत्तीला आलेले, मनाने चांगले, नवख्या न्यायाधीशांना सांभाळून घेणारे. त्यांना प्रकरणाचा वास आधीच लागला होता. "त्या खाडीचं प्रकरण परत पाठव," ते भेंडीची भाजी तिच्या झाकणात वाढत म्हणाले. "अधिकार नाही म्हणणं हा सगळ्यात सुखाचा निकाल. कोणाला हरवायचं नाही, कोणाला जिंकवायचं नाही. प्रकरण निकाली निघाल्याचं धरतात, ते वेगळंच." ती म्हणाली, "मग त्या बायका जाणार कुठे?" "वर जातील. वरच्या न्यायालयात." "तिथे आणखी पाच वर्षं." "असतील. पण ती तुझी पाच वर्षं नाहीत ना. नेत्रा, तुझं नाव बढतीच्या यादीत आहे. या वेळी दोन मोठ्या मंडळांच्या कायद्यांना तू आडवी गेलीस आणि वर ते उलटलं, तर लोक म्हणतील, हिला आपली मर्यादा कळत नाही." मर्यादा. हा शब्द तिने आयुष्यभर ऐकला होता. मिठागराच्या वस्तीतली मुलगी वकिलीला गेली तेव्हा, परीक्षेला बसली तेव्हा, मुलाखतीत कोणी विचारलं की तुमच्या घरात आधी कोणी कायद्यात होतं का, तेव्हा.  भेंडी चांगली झाली होती. तिने ती संपवली आणि डब्याचं झाकण लावलं.

घरी जाताना गाडी लिंक रोडवर अडकली. काचेबाहेर मेट्रोचे खांब, त्यांच्यावर पुढाऱ्यांचे वाढदिवसाचे फलक, एका पुलाखाली काळा नाला, त्याला कोणी नदी म्हणत नाही. तिला वाटलं, या शहरात पाणी दिसलं की आधी कुंपण घालतात आणि मग कुंपण कोणाचं यावर भांडतात. लगेच तिला स्वतःचाच राग आला. असली वाक्यं निकालात लिहायची नसतात. असली वाक्यं ही लक्षणं असतात. न्यायाधीशाच्या मनात वाक्य तयार असेल आणि त्याच्यासाठी कायदा शोधायला बसावं लागत असेल, तर त्याने ते प्रकरण सोडावं, असं तीच प्रशिक्षणात नव्या मुलांना सांगायची. मग आता? ती कोणाचं प्रकरण चालवत होती, सोनूबाईचं की धोंडू घाडीचं? हा प्रश्न तिने गाडीत बसून स्वतःला मोठ्याने विचारला, आणि शेजारच्या रिक्षातल्या माणसाने तिच्याकडे पाहिलं.

आई स्वयंपाकघरात तिसऱ्यांच्या शिंपल्या धूत बसली होती. नेत्राने पर्स ठेवली, पाणी प्यायली, आणि तीस-पस्तीस वर्षं न विचारलेला प्रश्न उभ्या उभ्याच विचारला. "आई, बाबांना त्या हवालदाराने बांबूने ढकललं होतं ना? पलीकडे?"

विमलाबाईंनी वर पाहिलं नाही. "कोणी सांगल्यान तुका?"

"मी बघितलं होतं."

"तू खय बघितलंस? तुका धरून शेजारीण घराकडे घेवन गेली. बांबू होतो, ता खरा. पण तेणी ढकलूक नाय. तो ढकलतलो होतो. तेच्या आधी मी उतरलंय."

"कुठे उतरलीस?"

"पाण्यात. आणि खय?" आईने पातेल्यातलं पाणी ओतलं, दुसरं घेतलं. "तुझो बापूस पाण्यात, आणि ते दोघे एकमेकांक सांगतत, वांयच थांबा, वांयच थांबा. मी लुगडा खोवलंय आणि उतरलंय. पाणी गळ्याक लागला. तेका धरून ह्या अंगाक ओढून हाडलंय. हवालदार म्हणाक लागलो, बाई, तुम्ही मढ्याक हात लावलास, आता तुमच्यार केस करूक लागात. मी म्हटलंय, कर. करूची तर तुका लिहूक होया. लिही."

"मग?"

"मगे काय. लिहिल्यान. पयला माझा नाव लिहिल्यान, मगे तेचा."

नेत्रा ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर तो बांध होता, तो शर्ट होता, बांबूचं टोक पाण्यात बुडत होतं. सगळं इतकं स्पष्ट, की ती न्यायालयात शपथेवर सांगू शकली असती. आणि ते तिने पाहिलंच नव्हतं. बांबूचं टोक तिने कुठून आणलं होतं? एवढी वर्षं तिने ज्या दोन माणसांचा राग केला, ज्यांच्यासारखं व्हायचं नाही म्हणून ती रात्ररात्र जागून शिकली, ते तिच्या मनात काठावर उभे होते आणि त्यांच्यामधलं पाणी रिकामं होतं. त्या पाण्यात आई नव्हती. आता ती तिथे होती, गळ्यापर्यंत, केस सुटलेले, दोन्ही हातांनी खाकी कापड ओढणारी. तिशीच्या आतबाहेरची एक बाई. आज नेत्राच्या हाताखाली कामाला असती तर नेत्राने तिला अगं-तुगं केलं असतं. आईने हे कधी सांगितलं का नाही, हेही तिला विचारायचं होतं. पण आई म्हणाली, "ह्यो नीट धू गो. पोटात रेव रवता," आणि पातेलं तिच्याकडे सरकवलं. नेत्रा बाह्या दुमडून बसली. शिंपल्यांचे थंड, ओले कंगोरे बोटांना लागत होते. थोड्या वेळाने आई आपणहूनच म्हणाली, "आज कित्याक इचारलंस?" नेत्राने थोडक्यात सांगितलं. विमलाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ता तुझ्या बापाशीचा न्हय हां. ता त्या कोळणींचा. तेंचा तेंका दी."

निलेशने, तिच्या नवऱ्याने, जेवताना तोच विषय काढला. तो एका खाजगी कंपनीत हिशेब तपासायचा आणि धोका या शब्दाला त्याच्याकडे आकडे असायचे. "तू रागाने लिहिणार आहेस," तो म्हणाला. "मला दिसतंय ना. घास चावतेयस तोही रागाने."

"राग आहे," ती म्हणाली. "मग?"

"मग वर उलटेल, यार. आणि तुझी यादी गेली."

"राग वगळून लिहीन. तरी तेच आलं तर?"

निलेशने भाताचा डाव खाली ठेवला. "तर मग लिही," तो म्हणाला. "पण आधी वगळून बघ."

रविवारी ती वगळायला बसली. पहिला मसुदा रागाचा झाला होता. त्यात सोनूबाईचा प्रश्न होता, सडलेलं पाणी होतं, दोन लवादांना उद्देशून एक वाक्य होतं, ते तिला फार आवडलं होतं. तिने तो पूर्ण वाचला आणि पुसून टाकला. मग ती कायद्याशी एकटी बसली. दिवाणी प्रक्रिया संहितेचं नववं कलम. प्रत्येक दिवाणी दावा चालवायचा अधिकार दिवाणी न्यायालयाला आहे. जिथे तो स्पष्टपणे किंवा गर्भितपणे काढून घेतला असेल, तेवढीच जागा सोडून. विद्यार्थी हे कलम पाठ करतात आणि विसरतात. अधिकार नसणं हा अपवाद होता, असणं हा नियम होता. दोन्ही मंडळांचे कायदे तिने ओळ न ओळ वाचले. आमच्या लवादाकडे या, असं दोन्ही सांगत होते. पण लवादाने घेतलं नाही तर माणसाने कुठे जावं, याबद्दल दोन्ही गप्प होते. त्या गप्प बसण्याचा अर्थ लावायचं काम तिचं होतं. गप्प बसणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे. मग हद्दींचा मुद्दा. दोन हद्दी एकमेकींवर चढल्या तर मधला पट्टा दोघांचाही होतो, कोणाचाच नाही असा होत नाही. हे साधं गणित दोन्ही लवादांनी उलटं मांडलं होतं. संध्याकाळपर्यंत मसुदा झाला. त्यात एकही विशेषण नव्हतं. तिने तो वाचला तेव्हा तिला वाटलं, रागातल्या मसुद्यापेक्षा हा जास्त उद्धट आहे. त्याचं तिला बरं वाटलं. लहानपणी शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, विमलेची पोरगी उद्धट आहे, आणि आईने त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं.

सोमवारी तिने तो वाचून दाखवला. न्यायालयाला अधिकार आहे, दावा इथेच चालेल. कोळीवाड्यातल्या बायका एका बाकावर दाटीने बसल्या होत्या. इंग्रजी निकालातलं त्यांना काही कळलं नाही, मग श्रुतिकाने मागे वळून हळूच सांगितलं, आणि बाकावर एक लांब श्वास पसरला, बाकी काही नाही. अल्पेश उभे राहिले. अपील करायचं आहे, तोपर्यंत आदेशाला स्थगिती मिळावी, चार आठवडे तरी. प्राधिकरणाच्या वकीलबाईही त्यांच्याशी सहमत झाल्या. "स्थगिती नाही," नेत्रा म्हणाली. "वादींच्या अंतरिम अर्जावर निर्णय घेण्याआधी न्यायालय स्वतः जागा पाहील. गुरुवारी, भरतीच्या वेळेला. दोन्ही मंडळांचे जबाबदार अधिकारी दरवाजाच्या चाव्या घेऊन हजर राहतील."

"भरतीच्याच वेळेला कशासाठी, मॅडम?" अल्पेशनी विचारलं.

"कारण ओहोटीला तुमची हरकत नाही," ती म्हणाली.

चंद्रप्रकाश त्या दुपारी डबा घेऊन आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, भाजी वाढली आणि हवामानाबद्दल बोलले. जाताना दारात थांबून म्हणाले, "बूट जुने घालून जा. तिथे चिखल असतो." तिला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली.

गुरुवारी ऊन कडक होतं. गाडी गल्लीच्या तोंडाशीच ठेवून ती, स्टेनोग्राफर शीतल, बेलिफ आणि वकील असे सगळे बांबूच्या वलांड्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांमधून चालत गेले. धाकट्या खाडीचा वास आधी आला. नाकाने नव्हे, घशाने घ्यावा लागणारा वास. भिंतीच्या अलीकडे काळं, जाड पाणी, त्यात कलंडलेल्या चार होड्या, एकीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, रंगवलेला डोळा अजून शाबूत. भिंतीच्या पलीकडे मात्र समुद्र चढला होता, हिरवट, चमकता, दरवाजाच्या फटींतून बारीक धारांनी आत येऊ पाहणारा. भिंतीवर उभं राहिलं की दोन्ही दिसत होतं. नेत्राला वाटलं, नकाशावर ही जागा नखाएवढी असेल. दरवाजाच्या साखळीला दोन कुलुपं होती, एक पितळी, एक पोलादी, एकमेकांत अडकवलेली.

"चावी?" तिने विचारलं.

प्राधिकरणाचे अधिकारी पुढे आले. पितळी कुलूप आमचं, चावी आणली आहे, पण आधी मंडळाचं निघाल्याशिवाय आमचं निघून उपयोग नाही. मंडळाचे अधिकारी म्हणाले, आमच्या कुलपाची चावी विभागीय कार्यालयात आहे, ती देण्यासाठी प्राधिकरणाचं ना-हरकत पत्र लागतं. प्राधिकरणाचे अधिकारी म्हणाले, असं पत्र देण्याचा अधिकार आम्हाला नाही. दोघेही घामाघूम झाले होते. दोघांनाही वरून फोन येत होते. नेत्राला त्यांचा राग आला नाही. तिला त्यांच्यातला एकेक जण उन्हात उभा असलेला, घरी जायची वाट बघणारा माणूस दिसला. आणि नेमकं त्याच क्षणी तिला कळलं, की आता थांबलं तर पाणी फिरेल. ती शीतलकडे वळली. शीतलने भिंतीवर लॅपटॉप उघडला होता, त्यावर ओढणीची सावली धरून.

"लिहा," नेत्रा म्हणाली. "आदेश असूनही चावी हजर केली नाही. दरवाजा बंद राहिल्याने वादींचं रोज नुकसान होत आहे, हे न्यायालयाने जागेवर पाहिलं आहे. अंतरिम आदेश. बेलिफने दोन्ही कुलुपं तोडावीत. दरवाजा पुढील आदेशापर्यंत उघडा ठेवावा. कोणत्याही मंडळाने तो बंद करू नये."

बेलिफ म्हणाला, "तोडायला माझ्याकडे काही नाही, मॅडम." मागून सोनूबाईने हाक मारली आणि रतन नावाचा माणूस, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, लांब वायर ओढत कटर घेऊन आला. ठिणग्या उडाल्या. पोलादी कुलूप जाईना, मग गेलं. दरवाजा गंजून बसला होता. दोन पहारी आल्या, पुरुष लागले, मग बायका लागल्या, कोणी अधिकाऱ्यांच्या शिपायालाही हात लावायला सांगितलं आणि त्याने लावला. दरवाजा हलला तेव्हा आवाज आला तो लोखंडाचा नव्हता, पाण्याचा होता. हिरवं पाणी काळ्याच्या खाली शिरलं, काळं वर उचललं गेलं, आणि सगळ्यांनी नाकाला पदर, रुमाल लावले. नेत्रा पुढे सरकली. तिला तो वास घ्यायचा होता.

"तिथं उभ्या राहू नका, मॅडम," सोनूबाई म्हणाली. "शेवाळ हाय. पाय घसरंल." तिने नेत्राचा दंड धरला, घट्ट, मासळीच्या पाटीला धरावं तसा, आणि मागे ओढलं. आभार तिने मानले नाहीत. ती आतल्या होड्यांकडे बघत होती. त्यातली एक हलली का, ते तिला पाहायचं होतं. नेत्राच्या दंडावर ती बोटं बराच वेळ तशीच राहिली, आणि नेत्राने हात सोडवून घेतला नाही.

अल्पेश वकील पँटचे पाय दुमडून जवळ आले. त्यांचा फोन कानावरून नुकताच उतरला होता. "अपील उद्याच दाखल होतंय, मॅडम," ते म्हणाले, सौजन्याने, जवळजवळ काळजीने. "मी स्पष्ट सांगतो. हे वर टिकणार नाही."

"टिकणार नाही कदाचित," नेत्रा म्हणाली. "पण तोवर पाणी आत गेलेलं असेल."

आणि ती शीतलला पुढचं सांगू लागली.